लिंबू मारक की तारक?

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, बरीच वर्षं चेन्नईत बेसंट नगरला राहतो. माझ्या सासऱ्यांना (वय ७१, आम्ही त्यांना बाबाच म्हणतो) मूत्राशयाचा कर्करोग निघाला. दुर्बिणीतून गाठ काढली, आता मूत्राशयात बीसीजी सोडणार आहेत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. काका म्हणतात, पाकिटांवर जो ३३० नंबर असतो ते सायट्रिक अ‍ॅसिडच या रोगाचं मूळ, फ्रान्सच्या मोठ्या कॅन्सर इस्पितळाने तसं जाहीर केलंय. आत्या म्हणते, रोज उपाशीपोटी चार लिंबांचा रस पाजा, उरलीसुरली गाठ विरघळेल. त्यात रत्नागिरीच्या मावशींनी कोकमाच्या कॅप्सूल पाठवल्यात. इथे तर लेमन राइस आणि रसम रोजचंच. संशोधन खरोखर काय सांगतं? आणि बाबांना लिंबाचं सरबत द्यायचं की नाही?
— एक वाचक, चेन्नई

उत्तर : ताई, सरबताचं आधी सांगून टाकतो : द्या. साखर किती घालायची ते त्यांच्या रक्तातल्या साखरेवर ठरवा, लिंबाची धास्ती नको. एक छोटा अपवाद आहे, तो बीसीजीच्या ओघात येईल.

काकांचा निरोप आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे, पण त्याचं वय पन्नाशीच्या आसपास आहे. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये एक टंकलिखित पत्रक हातोहात फिरायला लागलं. त्यात खाद्यपदार्थांतल्या मिश्रकांची यादी होती आणि कर्करोगकारकांत सगळ्यांत घातक म्हणून ई-३३०, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, नोंदवलं होतं. खाली पॅरिसजवळच्या विलज्विफ इथल्या रुग्णालयाचा हवाला. त्या गावात ग्युस्ताव्ह रूसी ही कर्करोगाची नामांकित संस्था आहे, त्यामुळे लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. संस्थेने वारंवार सांगितलं की हे पत्रक आमचं नाही. उपयोग झाला नाही. शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांतून त्याच्या प्रती निघत राहिल्या, भाषांतरं होत गेली. अफवांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे त्यावर शोधनिबंध लिहिले, इतकं ते पत्रक टिकाऊ निघालं.

बिचाऱ्या लिंबाच्या आम्लावरच हा आळ का यावा? सर्वसाधारणपणे मानलं जाणारं कारण मजेशीर आहे. आपल्या पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या रासायनिक फेऱ्याला सायट्रिक अ‍ॅसिड चक्र म्हणतात. ते १९३७ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हान्स क्रेब्स यांनी उलगडलं, म्हणून त्याला क्रेब्स चक्रही म्हणतात. क्रेब्स हे जर्मनीतून आलेले ज्यू शास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी इंग्लंड गाठलं, १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता पंचाईत अशी की जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा आणि कर्करोगही. कुणीतरी अर्धवट वाचलं आणि शास्त्रज्ञाचं आडनाव रोगाचं निदान होऊन बसलं.

त्या चक्राचा खरा अर्थ काकांना सांगा. तुमच्या, माझ्या, काकांच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत या क्षणी सायट्रिक अ‍ॅसिड तयार होतं आहे आणि मोडतं आहे. ते थांबलं तर आपण थांबू. लिंबाच्या १०० मिलिलिटर रसात ते साधारण ५ ग्रॅम असतं, म्हणजे एका मध्यम लिंबात एक-दीड ग्रॅम. पाकिटातलं ३३० लिंबं पिळून काढत नाहीत. अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीला साखर किंवा मळी खाऊ घालून ते मिळवतात. जेम्स करी यांनी ही रीत १९१७ मध्ये मांडली आणि दोनच वर्षांत अमेरिकेत त्यावर कारखाना चालू झाला. ‘बुरशी’ म्हटलं की नाक मुरडलं जातं, पण रेणू तोच. ढोकळ्यात आपण घालतो ते लिंबूसत्त्वही तेच. खाद्यमिश्रकांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९७० च्या दशकातच त्याला रोजच्या सेवनाची कमाल मर्यादा घालण्याची गरज नाही असं ठरवलं. पाकिटातलं खाणं कमी करायला माझी हरकत नाही, त्यातलं मीठ आणि तेल ही चांगली कारणं आहेत. ३३० हे नाही.

तरीही ‘लिंबू’ कुळातला एक पदार्थ आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा प्रयोगशाळेत संबंध आलाच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. आला, आणि तो भाग मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो.

त्यासाठी आधी सॅकरीनकडे जावं लागतं. १९७७ मध्ये कॅनडातल्या प्रयोगात सॅकरीनचं भरपूर प्रमाण असलेला खुराक दिलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. कॅनडाने बंदीची पावलं उचलली. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, लोकांनी ओरड केली आणि शेवटी डब्यांवर धोक्याची सूचना छापण्यावर तडजोड झाली. मग पुढची वीस वर्षं शास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नाच्या मागे लागले : गाठी नर उंदरांनाच का? नेब्रास्काचे सॅम्युअल कोहेन आणि इतरांनी उत्तर शोधलं. उंदरांना दिलेलं सॅकरीन सोडियमच्या क्षाराच्या रूपात होतं. सोडियमचे असे क्षार ढिगाने पोटात गेले की उंदराची लघवी अल्कधर्मी होते. नर उंदराच्या लघवीत मुळातच प्रथिनं खूप. या दोन्हींमुळे कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण साकळतात, मूत्राशयाचं अस्तर खरवडून काढतात, आणि अस्तर पुन्हा भरून येताना पेशी भराभर वाढतात. ही सततची डागडुजी पुढे गाठीपर्यंत जाते. माणसाची लघवी वेगळी, त्यात हे घडत नाही. माकडांना जन्मापासून वीसहून अधिक वर्षं सॅकरीन देऊन पाहिलं, मूत्राशय ठणठणीत. २००० मध्ये अमेरिकेने सॅकरीनला कर्करोगकारकांच्या यादीतून काढलं.

आता लिंबाची पाळी. १९८० च्या दशकात जपानमधल्या संशोधकांनी उंदरांना आधी एक ओळखीचं कर्करोगकारक दिलं आणि मग त्यांच्या खुराकात वेगवेगळे पदार्थ मिसळले. सोडियम सायट्रेट मिसळलेल्या उंदरांत मूत्राशयाच्या गाठी वाढल्या. त्याच प्रमाणात नुसतं सायट्रिक अ‍ॅसिड दिलेल्यांत वाढल्या नाहीत. ‘क’ जीवनसत्त्वाचंही तसंच : सोडियमचा क्षार दिला तर गाठी वाढल्या, नुसतं आम्ल दिलं तर नाही. म्हणजे गुन्हेगार सायट्रेट नव्हतं, सॅकरीन नव्हतं, ‘क’ जीवनसत्त्वही नव्हतं. सोडियम आणि अल्कधर्मी लघवी ही जोडी होती, तीही उंदरातच.

तुम्ही कदाचित विचाराल, लघवीला जळजळ होते तेव्हा डॉक्टर जे गोडसर सायट्रेटचं औषध देतात ते सोडियम सायट्रेटच ना? हो, त्यातलं डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट हे त्याचंच भावंड. पण उंदरांच्या खुराकात त्या क्षाराचं प्रमाण ५ टक्के होतं. माणसाच्या दिवसभराच्या अन्नातलं पाणी वगळून अर्धा किलो धरलं तर ते रोज २५ ग्रॅम होतं, तेही महिनोन्‌महिने. चार दिवस दोन-दोन चमचे औषधाशी त्याची तुलना होत नाही. मूतखड्याच्या रुग्णांना तर पोटॅशियम सायट्रेट महिनोन्‌महिने देतात, कारण लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि खडा जमू देत नाही.

आत्यांच्या म्हणण्यातही शास्त्राचा एक तुकडा अडकलेला आहे, फक्त तो फार ताणला गेलाय. क्रेब्स ज्यांच्या हाताखाली बर्लिनमध्ये चार वर्षं राबले त्या ओटो वारबुर्ग यांनी दाखवलं होतं की कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारख्या जाळतात, तीही प्राणवायू असतानाही अर्धवटच. साखर मोडण्याच्या वाटेवर एक विकर आहे, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज. पेशीत सायट्रेट साचलं की ते विकर मंदावतं. ऊर्जा पुरेशी आहे, आता पुरे, असा तो निरोप असतो. मग बाहेरून सायट्रेट ओतलं तर कर्करोगाच्या पेशींची उपासमार करता येईल का? फ्रान्समधल्या काही संशोधकांनी ही कल्पना चिकाटीने लावून धरली आहे, आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर भरपूर सायट्रेट टाकल्यावर त्या मरताना दिसल्या आहेत.

अडचण ‘भरपूर’ या शब्दात आहे. बशीत जे प्रमाण लागतं ते आपल्या रक्तातल्या सायट्रेटच्या सुमारे शंभरपट असतं. चार सोडून चाळीस लिंबं प्यायली तरी रक्तात तितकं चढत नाही, कारण यकृत आणि इतर पेशी ते लगेच इंधन म्हणून वापरून टाकतात. आणि समजा चढवलंच, तर? रक्तदानाच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटच घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून रक्त गोठत नाही. प्लेटलेट दान करताना ओठांना मुंग्या येतात, काहींना बोटं आखडतात, ती याच सायट्रेटची करामत. शंभरपट सायट्रेटने गाठीच्या आधी हृदयाची लय बिघडेल. उपाशीपोटी चार लिंबांच्या रसाने मात्र एवढंच होईल : दातांवरचं आवरण झिजेल आणि एकाहत्तराव्या वर्षी पित्त उसळेल.

लिंबू-संत्री खाणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग कमी होतो, असं एक वाक्य आत्यांनी वाचलं असण्याची शक्यता आहे. त्यामागेही खरे अभ्यास आहेत. पण रुग्णांना आणि निरोग्यांना ‘पूर्वी काय खायचात’ असं विचारून केलेल्या अभ्यासांत हा फायदा ठळक दिसतो. निरोगी माणसांची आधीच नोंद करून वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत तो जवळजवळ पुसला जातो. आजारी माणूस मागे वळून पाहताना वेगळं आठवतो, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासांना वजन जास्त. फळं खावीत, ती औषध म्हणून खाऊ नयेत.

एक धागा मात्र आपल्याच देशातला. २०१० मध्ये लखनौच्या संशोधकांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांची लघवी चुंबकीय वर्णपटाने तपासली. निरोगी माणसांपेक्षा त्यांच्या लघवीत सायट्रेट कमी आणि टॉरीन जास्त आढळलं. कुणी म्हणेल, बघा, सायट्रेट कमी झालं म्हणून रोग झाला, लिंबू पाजा! अहो, ही रोगाची खूण असू शकते, कारण नव्हे. अशा खुणांवरून दुर्बीण न घालता निदान करता येईल का, यासाठी ही शोधाशोध चालू आहे. आजही चेन्नईत काय नि पुण्यात काय, दुर्बिणीला पर्याय नाही.

मग बाबांना हे का झालं? एका माणसाबाबत ते सांगता येत नाही, पण या रोगाचा मोठा ठपका कुणावर आहे ते पक्कं माहीत आहे. तंबाखू. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांमागे धूम्रपान असतं. विडी-सिगारेटच्या धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स रक्तातून मूत्रपिंडात, तिथून लघवीत उतरतात आणि लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. याच कुळातली रसायनं कापडाच्या आणि चामड्याच्या रंगांच्या कारखान्यांतही वापरली जात. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा रोग होत असल्याचं पहिल्यांदा मांडलं. आपल्याकडे बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर बंदी यायला १९९० चं दशक उजाडलं. त्याआधी चामड्याच्या किंवा रंगाच्या कामात उमेदीची वर्षं गेलेल्यांनी डॉक्टरांना हा इतिहास न विसरता सांगावा. चेन्नईभोवतीच्या क्रोमपेट, पल्लावरम भागात चामड्याचा जुना धंदा, तेव्हा हे तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही कामाचं आहे. आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत शिस्टोसोमा नावाचा परजीवी हेही मोठं कारण. रत्नागिरीच्या मावशींना सांगा, भारतात या परजीवीच्या मूत्राशयाच्या जातीचं जे एक ठिकाण १९५२ मध्ये नोंदलं गेलं ते त्यांच्याच जिल्ह्यातलं गिमवी.

आणि लिंबू खरोखर घातक ठरतं ती एक जागा. चेन्नईचा उन्हाळा, लघवी लालसर होते, घरातलं कुणीतरी म्हणतं ‘उन्हाळी लागली’, आणि सरबत, सब्जा, धण्याचं पाणी सुरू होतं. दोन दिवसांत लाली जाते. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त असंच येतं : न दुखता, मध्येच, आणि आपोआप थांबतंही. श्रेय सरबताला मिळतं आणि सहा महिने जातात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तरी सोनोग्राफी आणि युरॉलॉजिस्ट, सरबत नंतर.

आता बाबांच्या बीसीजीबद्दल. क्षयाची लस कर्करोगावर कशी, हा प्रश्न तुमच्याही मनात असणार. कॅनडातल्या किंग्स्टन इथले डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडून पाहिलं आणि गाठी पुन्हापुन्हा उगवण्याचं प्रमाण घटलं. जिवंत पण दुबळे जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. आठवड्याला एक याप्रमाणे सहा डोस, हा शिरस्ताही तिथलाच. मोरालेस यांना मिळालेली लस सहाच्या पाकिटात येत असे, म्हणून सहा, असं सांगतात. मला हे फार आवडतं. एवढी मोठी उपचारपद्धती, आणि तिचा आकडा खोक्याने ठरवलेला.

तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर गिंडीला केंद्र सरकारची बीसीजी लस प्रयोगशाळा आहे, १९४८ साली सुरू झालेली. देशभरातल्या तान्ह्या बाळांच्या दंडावरची खूण पिढ्यान्‌पिढ्या तिथून निघालेल्या लशीची. मूत्राशयाच्या कर्करोगासाठीचं जास्त मात्रेचं बीसीजीही तिथे तयार होत आलं आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ते करते. आणि काका-आत्यांना एकत्र बसवून सांगण्यासारखी गोष्ट ही : बीसीजीचे जंतू ज्या द्रवावर वाढवण्याची जुनी, जगभर चाललेली रीत आहे तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या सोटाँ यांचा द्रव. त्याच्या एका लिटरमध्ये ग्लिसरीन, अ‍ॅस्परजीन, थोडे क्षार आणि २ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड असतं. एका लिंबाच्या रसात असतं त्याहून थोडंसंच जास्त.

सुरुवातीला म्हटलेला अपवाद इथला. बीसीजीनंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ, घाई, बारीक ताप असं होतं. मूत्राशय चिडलेलं असताना काहींना चहा-कॉफी आणि आंबट फळांनी जळजळ वाढल्यासारखी वाटते. बाबांना तसं वाटलं तर त्या दोन दिवसांपुरतं लिंबू बाजूला ठेवा. त्याचा कर्करोगाशी संबंध नाही, निव्वळ आरामासाठी. रसमचं विचाराल तर त्यातला आंबटपणा बहुतेक चिंचेचा, म्हणजे टार्टारिक आम्लाचा, पण नियम तोच. घरी मात्र दुसरी काळजी घ्या. औषध सोडल्यानंतर पहिले सहा तास त्यांनी बसून लघवी करावी, संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावं, कारण त्यात जिवंत जंतू असतात. ताप १०१ च्या वर गेला किंवा दोन दिवसांत उतरला नाही तर इस्पितळाला फोन करा, पॅरासिटामॉलवर भागवू नका.

राहता राहिल्या मावशींच्या कॅप्सूल. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमटीला कोकम मिळेना म्हणून चिंच घातली आणि सांबार जन्माला आलं, ही दंतकथा तुम्ही चेन्नईत नक्की ऐकली असेल. खरी असो नसो, कोकम आणि चिंच यांची आम्लं मात्र खरोखर वेगळी. कोकम ज्या गार्सिनिया कुळातलं, त्यातल्या मलबारी चिंचेचं मुख्य आम्ल म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये ओळखलं : हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. कोकमातही ते असतं. सायट्रिक आम्लाचंच हे सख्खं भावंड पेशीतलं एक विकर अडवतं, जे सायट्रेट फोडून त्यापासून चरबी बनवायला कच्चा माल पुरवतं. वाढत्या गाठीला ती चरबी लागते. पॅरिसच्या लॉराँ श्वार्ट्झ यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवर हे आम्ल आणि लिपॉइक आम्ल एकत्र वापरलं. ज्या गाठींवर प्रयोग केला त्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचीही एक जात होती, आणि गाठी वाढायचा वेग मंदावला. सायट्रिक आम्लाचं कुटुंब आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्यातला, फायद्याच्या बाजूचा, मला ठाऊक असलेला सगळ्यांत थेट धागा हाच. पण तिथून माणसांच्या औषधापर्यंत जाणाऱ्या मोठ्या, तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत.

दुसरीकडे, वजन घटवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गार्सिनियाच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा आमसुलं आमटीत घाला, सोलकढी करा, कोकम सरबत द्या. कॅप्सूलची बाटली मात्र पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांनी पाहिल्याशिवाय बाबांना एकही देऊ नका.